दगडाची साक्ष जागेवरच घ्यावी लागते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च आणि जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरात भूकंपाचे जे धक्के बसले आणि जे परभणी-नांदेडपर्यंत जाणवले, त्यांच्यानंतर ‘मराठवाड्याची जमीन सरकू लागली आहे’ ही भाषा गावोगावी रुळली आणि आता जमिनीतून आलेल्या प्रत्येक लहानशा गडगडाटानंतर ती पुन्हा ऐकू येते. आपल्या ‘वाचकांचे मत’ या सदरातही अलीकडे या विषयावर दोन टोकांची पत्रे आली. एका पत्रलेखकांना मराठवाडा उर्वरित दख्खनपासून सुटा होत असल्याची खात्री वाटते, तर दुसऱ्यांनी खंड सरकतात ही गोष्ट पाहायला कोणी हजर नव्हते, त्यामुळे ती कधीच सिद्ध होणार नाही, असे ठामपणे लिहिले आहे. दोन्ही विधाने ज्या पुराव्यावर तपासून घेता येतात तो पुरावा आपल्याच विहिरींच्या आणि खदानींच्या भिंतींत आहे. त्याचा उल्लेख दोन्ही पत्रांत नसल्याने, अनेक वर्षे भूशास्त्र शिकवलेला एक वाचक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीच्या पत्रापेक्षा लांब झाले आहे, त्याबद्दल आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील देगलूर-बिलोली भागातला ग्रॅनाइट वगळला, तर मराठवाड्याचा जवळपास सगळा पाया बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला, निवला, त्यावर पुन्हा नवा थर आला, आणि आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र त्याखाली आहे. सह्याद्रीत या थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारीला भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, त्यात बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला, मग थोडा गाळाचा खडक लागला आणि त्याखाली दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना मूळ कातळ लागला.

बेसॉल्टमध्ये लोह असते आणि त्यातले काही मॅग्नेटाइट या खनिजाच्या बारीक कणांच्या रूपात असते. लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि इतक्या उष्णतेत कोणत्याही खनिजात कायमचे चुंबकत्व टिकत नाही. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी ही मर्यादा ५८० अंशांची आहे. त्यात टायटॅनियम मिसळलेले असेल तर ती आणखी खाली येते. लाव्हा निवत या मर्यादेखाली आला की प्रत्येक कण त्या क्षणी, त्या ठिकाणी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा असेल ती धरून ठेवतो. पुढे पृथ्वीचे क्षेत्र बदलले, जमीन हलली, तरी दगडातली दिशा दगडाबरोबरच राहते. सारी मदार या एका गुणधर्मावर आहे आणि त्याची परीक्षा प्रयोगशाळेत हवी तितक्या वेळा घेता येते. दगड तापवावा, ज्ञात क्षेत्रात निवू द्यावा आणि त्याने कोणती दिशा धरली ते मोजावे.

या दिशेचे दोन भाग असतात. सुई खऱ्या उत्तरेपासून किती अंशांनी पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेली आहे, तो दिक्पात. आणि ती क्षितिजापासून किती अंश खाली किंवा वर कललेली आहे, ती नती. आपण वापरतो ते होकायंत्र फक्त पहिला भाग दाखवते, म्हणून दुसऱ्याची आपल्याला सवय नसते. वास्तविक अक्षांश सांगते ती नतीच. विषुववृत्तावर सुई आडवी राहते, उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते, दक्षिण गोलार्धात ते आकाशाकडे उचलले जाते, आणि ध्रुवावर ती उभी होते. हजारो वर्षांच्या सरासरीने पृथ्वीचे क्षेत्र तिच्या अक्षाला धरून असलेल्या एका साध्या चुंबकासारखे वागते, आणि तसे धरले की नतीचा टॅन हा अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट निघतो. दहावी-अकरावीचा विद्यार्थी हे गणित करू शकतो. छत्रपती संभाजीनगर साधारण २० अंश उत्तरेला आहे; तेव्हा आजच्या जागी, आजच्या स्थितीत निवलेल्या थरांमध्ये सरासरी नती उत्तरेकडे आणि खाली सुमारे ३६ अंश मिळाली पाहिजे.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ती तशी मिळत नाही. काही थरांत दिशा वायव्येकडे, उत्तरेपासून सुमारे २६ अंश पश्चिमेला आणि सुमारे ४४ अंश वर, आकाशाकडे आहे. बऱ्याच थरांत ती बरोबर याच्या उलट, म्हणजे आग्नेयेकडे आणि तेवढीच खाली आहे. उलट दिशेचे कारण असे की पृथ्वीच्या क्षेत्राचे उत्तर आणि दक्षिण ध्रुव भूतकाळात वारंवार आपापल्या जागा बदलत आले आहेत. फ्रान्समध्ये बेर्नार ब्रून यांनी १९०६ मध्ये उलट्या चुंबकत्वाच्या लाव्हाची नोंद केली. त्या लाव्हाखाली भाजलेल्या मातीचे चुंबकत्वही तसेच उलटे निघाल्यामुळे हा दोष लाव्हाच्या खनिजांचा नसून पृथ्वीच्या क्षेत्राचा आहे, असे त्यांनी म्हटले. जपानमध्ये मोतोनोरी मात्सुयामा यांनी १९२९ मध्ये हीच गोष्ट वयाशी जोडून दाखवली. आपल्याकडे विहीर खणताना दोन काळ्या थरांच्या मध्ये जो गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो, तो जुन्या लाव्हाची झीज होऊन बनलेली आणि वरून आलेल्या नव्या लाव्हाने भाजलेली माती आहे. ब्रून यांनी जी तपासणी केली ती करायला याहून चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

दिशेतले दोन्ही फरक, म्हणजे बाजूचे वळण आणि आकाशाकडचा कल, यांचा अर्थ वेगवेगळा आहे. ४४ अंशांची वरची नती सूत्रात घातली की अक्षांश सुमारे २६ अंश दक्षिण येतो. म्हणजे आज जिथे आपण गहू-हरभरा पिकवतो ती जमीन लाव्हा निवला तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे, आज मादागास्करचा दक्षिण भाग ज्या अक्षांशावर आहे तिथे होती. २६ दक्षिणेकडचे आणि २० उत्तरेकडचे असे ४६ अंश, प्रत्येक अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे सुमारे ५,१०० किलोमीटर. आणि ते ६.६ कोटी वर्षांत विभागले तर वर्षाला सरासरी पावणेआठ सेंटिमीटर. उत्तरेपासूनचे २६ अंशांचे वळण सांगते की या प्रवासात भारत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने तितकाच फिरलाही. या आकड्यांत दोन-तीन अंशांचा कमीअधिकपणा राहतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही. ५,१०० किलोमीटरांपुढे दोन-तीनशे किलोमीटरांनी मुद्दा बदलत नाही.

एखादा वाचक विचारेल की आग्नेयेकडची आणि खाली जाणारी दिशा ‘सरळ’ क्षेत्रातलीच मानली आणि भारत उत्तर गोलार्धातच राहून भलत्याच कोनात फिरला असे धरले तर काय बिघडते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका खडकात मिळत नाही, निरनिराळ्या वयाच्या खडकांच्या रांगेत मिळते. झारखंडमधील राजमहाल टेकड्यांचा बेसॉल्ट सुमारे ११.७ कोटी वर्षांचा आहे आणि त्याची नती दख्खनपेक्षाही तीव्र, वरच्या दिशेने चौसष्ट अंशांच्या आसपास आहे; म्हणजे तेव्हा तो भाग ४५ अंश दक्षिणेच्याही थोडा पलीकडे होता. राजमहाल, मग दख्खन, मग आज, हे तीन बिंदू एका ओळीत मांडले की उत्तरेकडच्या सरळ प्रवासाखेरीज दुसरे कोणतेही कथन त्यांत बसत नाही. शिवाय हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे, म्हणजे तिथला लाव्हा निवताना त्यात आळीपाळीने उमटलेल्या सरळ-उलट्या दिशा, स्वतंत्रपणे तीच वाटचाल दाखवतात, आणि आज हैदराबाद व बंगळूर येथील उपग्रहाधारित स्थानमापन केंद्रे भारत अजूनही ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकत असल्याचे नोंदवीत आहेत. पाहायला कोणी हजर नव्हते हे खरे. पण ज्या न्यायाने आपण शिलालेखावरून यादवांचा काळ ठरवतो त्याच न्यायाने हा पुरावा मान्य करावा लागतो.

आपल्या दगडाचे या विषयातले स्थान किती मोठे आहे, याची नोंद मराठीत फारशी कुठे घेतलेली दिसत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस खंड सरकतात ही आल्फ्रेड वेगेनर यांची १९१२ मधील कल्पना बहुतेक भूशास्त्रज्ञांनी बाजूला टाकलेली होती. त्या काळात केंब्रिजमध्ये शिकत असलेल्या एडवर्ड आयर्विंग यांना असे सुचले की भारत खरोखर उत्तरेकडे सरकला असेल तर ते दख्खनच्या लाव्हात दिसलेच पाहिजे. भारतातून आलेले मोजके दगड त्यांनी तपासले आणि उत्तर त्यांच्या अपेक्षेप्रमाणेच आले. १९५४ मध्ये त्यांचा प्रबंध परीक्षकांनी नाकारला. तो विषय पुढे त्यांनी जन्मभर सोडला नाही, ही वेगळी गोष्ट.

दुसरा धागा मँचेस्टर आणि लंडनमधला आहे आणि तो थोडा गमतीचा आहे. पॅट्रिक ब्लॅकेट यांना १९४८ मध्ये विश्वकिरणांवरील कामासाठी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. फिरणारी कोणतीही जड वस्तू केवळ फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते का, हे पाहण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून जास्त वजनाचा सोन्याचा दंडगोल उसना घेतला आणि त्याच्याजवळचे क्षेत्र मोजण्यासाठी अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बनवला. उत्तर ‘नाही’ असे आले आणि ते त्यांनी १९५२ मध्ये प्रामाणिकपणे छापले. सोने परत गेले. उपकरण मात्र उरले, आणि ते दगडांमधले क्षीण चुंबकत्व मोजण्यासाठी नेमके उपयोगी होते. ब्लॅकेट यांचा भारताशी निकटचा संबंध होता, पंडित नेहरूंना ते संरक्षणविषयक विज्ञानात सल्ला देत असत. आणि १९५६ मध्ये त्यांच्या गटातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि हैदराबादेत भारतीय संशोधकांनी हे काम हाती घेतले. १९८० च्या दशकात फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी दख्खनमधले सरळ-उलटे थर वयाशी जुळवून दाखवले की यातला बहुतेक लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात, डायनोसॉर नामशेष झाले त्याच सुमारास बाहेर पडला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे सारे आहे. आपल्या मुलांना मात्र दख्खनचे पठार म्हणजे कापसाची काळी जमीन एवढेच सांगितले जाते.

आता पहिल्या पत्रलेखकांच्या भीतीकडे वळतो. भूकवचाचा एखादा तुकडा शेजारच्या भागापासून सुटून फिरला तर ते दगडाच्या चुंबकत्वात उमटते का, तर नक्कीच उमटते. जपानचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. जपानचा समुद्र उघडत असताना, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी, नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या दिशेने सुमारे ४५ अंश आणि ईशान्य जपान त्याच्या उलट दिशेने फिरला, असे दोन्हीकडच्या खडकांच्या दिक्पातांवरून कळले. त्याआधीच्या खडकांतली दिशा दोन बाजूंना वळलेली, त्यानंतरच्या खडकांतली दिशा मात्र दोन्हीकडे उत्तरेला धरून. वळण केव्हा संपले हेही यातून निघाले. भूमध्य समुद्रातली कॉर्सिका आणि सार्डिनिया ही बेटे फ्रान्सच्या किनाऱ्यापासून सुटून अशीच फिरली, आणि कॅलिफोर्नियातल्या एका पर्वतरांगेचे तुकडे तर ९० अंशांच्या आसपास वळलेले आढळले. म्हणजे भूकवचाचे तुकडे सुटे होतात आणि सुटे झाल्याचे ओळखताही येते.

दख्खनच्या पठारावर तसे आढळलेले नाही. सह्याद्रीच्या घाटांपासून पूर्वेकडे नागपूरपर्यंत ज्या ज्या भागांतून नमुने घेतले गेले, तिथल्या सरासरी दिशा मोजमापाच्या मर्यादेत एकमेकांशी जुळतात. इतक्या की जगभरच्या संशोधकांनी त्या सर्वांचा मिळून एकच चुंबकीय ध्रुव (या दिशांवरून गणिताने निघणारी त्या काळच्या ध्रुवाची जागा) काढला आणि तो भारताच्या त्या काळच्या स्थानासाठी प्रमाण मानला. मराठवाडा ६.६ कोटी वर्षांत पुण्यापासून किंवा विदर्भापासून वेगळा वळलेला किंवा वेगळा भटकलेला असता, तर असा एक ध्रुव काढताच आला नसता. आपण सरकतो आहोत हे खरे. पण पुणे, हैदराबाद आणि नागपूर यांना बरोबर घेऊन, एकाच वेगाने सरकतो आहोत. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या तीस वर्षांत आपण सगळे मिळून साधारण दीड मीटर ईशान्येला गेलो आहोत, आणि त्यामुळे कोणाच्याही शेताचा बांध सरकलेला नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही इथेच सांगायला हव्यात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमिनीच्या पोटातला कातळ एका प्रस्तरभंगावर, म्हणजे खडकातल्या तुटलेल्या भेगेवर, घसरला आणि लातूर-धाराशिवची गावेच्या गावे आडवी झाली, तरी पृष्ठभागावर दिसलेली उठण फार तर मीटरभराच्या घरातली होती. ती खडकाच्या चुंबकत्वातून कधीही दिसणार नाही. त्यामुळे दख्खन एकसंध आहे या निष्कर्षावरून ‘मराठवाड्यात भूकंप होणार नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो चुकीचा आणि घातक ठरेल. भारताचा उत्तरेकडचा रेटा तिबेटला जाऊन भिडतो, त्याचा ताण सगळ्या द्वीपकल्पात साठतो आणि जुन्या कमकुवत जागी कुठेतरी मोकळा होतो. त्याचा शोध घ्यायला भूकंपमापक आणि उपग्रहाधारित मोजणी ही वेगळी साधने लागतात. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात वर्षानुवर्षे जे आवाज येत आहेत त्यांचे उत्तरही त्या साधनांकडूनच मिळू शकते. घराच्या भिंतींत आडव्या पट्ट्या घाला हे सांगायला तर कोणत्याच मोजणीची वाट पाहण्याची गरज नाही.

आणखी एक मर्यादा अशी की यातून अक्षांश कळतो, रेखांश कळत नाही. भारत तेव्हा किती दक्षिणेला होता हे दगड सांगतो. आफ्रिकेच्या जवळ होता की ऑस्ट्रेलियाच्या, हे त्याला सांगता येत नाही, कारण अक्षाभोवती सारख्या असलेल्या क्षेत्रात पूर्व-पश्चिम भेद उमटत नाही. त्यासाठी समुद्रतळाचे पट्टे पाहावे लागतात. दख्खनचा लाव्हा ज्या तप्त उगमातून आला असे मानतात त्या उगमावर आज हिंदी महासागरातले रीयुनियन बेट आहे, आणि ते २१ अंश दक्षिणेला आहे. चुंबकत्वावरून निघणारा दख्खनचा अक्षांश मात्र त्याच्या काही अंश दक्षिणेला पडतो. हा फरक उगम स्वतः थोडा सरकल्यामुळे आहे की पृथ्वीचे सगळे बाह्य कवच अक्षाच्या संदर्भात थोडे वळल्यामुळे आहे, यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालू आहे. मला स्वतःला हा प्रश्न या विषयातला सर्वांत रंजक वाटतो, आणि त्याचे उत्तर शोधायला लागणारे खडक आपल्या पायांखाली आहेत.

तेच खडक आपण ज्या वेगाने फोडत आहोत, त्यामुळे हे पत्र केवळ माहितीपर ठेवता येत नाही. या अभ्यासासाठी दगड त्याच्या मूळ जागी, मूळ कातळाला चिकटलेला असावा लागतो. एकदा तो सुटला की त्यातले चुंबकत्व शाबूत राहते, पण उत्तर कोणती आणि वर कोणते हेच हरवते. वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात डोंगरातून वरून खाली कोरत आणले. त्याचे खांब आजही डोंगराला जोडलेले आहेत, त्यामुळे त्यांत ६.६ कोटी वर्षांपूर्वीची दिशा जशीच्या तशी आहे. औंढा नागनाथच्या देवळातले चिरेही दगडाचेच, पण प्रत्येक चिरा खाणीतून काढला, घडवला, फिरवला आणि बसवला. त्यातल्या शेजारच्या दोन दगडांची दिशाही एकमेकींशी जुळणार नाही. (संरक्षित वास्तूला कोणी हात लावावा असा याचा अर्थ मुळीच नाही.) क्रशरमध्ये गेलेल्या दगडाबद्दल तर बोलायलाच नको.

नमुना कसा घेतात हे पाहिले की जागेचा हा आग्रह पटतो. हातात धरता येईल अशा पेट्रोलवरच्या ड्रिल मशीनला हिऱ्याचे कण बसवलेली, साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची पोकळ नळी लावतात आणि पाण्याची धार सोडत ती कातळात उतरवतात. भोवती राखाडी गारा ओघळत राहतो. बोटभर लांबीचा दंडगोल मोकळा दिसू लागतो, पण तळाशी तो अजून कातळाला धरून असतो, आणि नेमक्या या अवस्थेत त्याच्यावर खाचेची एक नळी सरकवून तिचा कल आणि दिशा मोजायची व खाचेतून पितळी तार ओढून दगडावर रेघ उमटवायची. रेघ पडण्याआधी दंडगोल तुटून फिरला तर तो फेकून द्यावा लागतो. बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असल्यामुळे इथे होकायंत्रावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. म्हणून एका बारीक काडीच्या सावलीवरून, घड्याळातली वेळ लिहून ठेवून, सूर्याच्या साहाय्याने दिशा काढतात. ढगाळ दिवशी काम रखडते. प्रत्येक थर म्हणजे एका क्षणाची नोंद असल्याने सरासरीसाठी एकावर एक असलेले अनेक थर लागतात आणि प्रत्येक थरातून अनेक दंडगोल घ्यावे लागतात. आपल्याकडचे थर जवळजवळ आडवे आहेत, हा मोठाच फायदा. नाहीतर लोणारच्या विवराच्या काठावर जसे ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत तसे असते, तर प्रत्येक मोजमाप आधी तेवढे वळवून घ्यावे लागले असते.

मग माळरानावरच्या उघड्या खडकांतूनच नमुने का घेऊ नयेत, असे वाटणे साहजिक आहे. बालाघाटच्या माथ्यावर होकायंत्र जमिनीलगत धरून उघड्या कातळावरून चालून पाहावे. बरेच अंतर सुई जवळपास स्थिर राहते, आणि मग एखाद्या जागी हातभर अंतरात ती गर्रकन फिरून भलतीकडे तोंड करते. तिथे कधीतरी वीज पडलेली असते. विजेच्या प्रवाहाने आसपासचा खडक नव्याने चुंबकित होतो आणि जुनी दिशा झाकली जाते. शिवाय उघडा खडक झिजतो, त्यातल्या लोहाचे रूप बदलते, आणि नव्या खनिजात नव्या काळाची दिशा शिरते. उदगीरहून बिदरकडे जाताना लागणारा जांभा याच प्रकारे, पुष्कळ नंतर, आपली स्वतःची दिशा धरून बसला आहे. तिथे तिचा उपयोग जांभ्याचे वय ठरवायला होतो, पण बेसॉल्टचा अभ्यासक अशा मिश्रणाला त्रासतो. प्रयोगशाळेत नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धुऊन ही वरची पुटे काढता येतात, मात्र दर वेळी नाही. म्हणून माथ्यापासून खोल, ताज्या, न झिजलेल्या कातळाची उभी भिंत हीच उत्तम जागा. अशा भिंती मराठवाड्यात तीनच गोष्टींनी तयार होतात: विहिरी, खदानी आणि रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर.

समृद्धी महामार्गाने जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत, आणि इतर रस्त्यांनी बालाघाटात व कन्नडच्या घाटात, गेल्या काही वर्षांत जेवढे ताजे छेद उघडले तेवढे आपल्या पिढीने कधी पाहिले नव्हते. दरड कोसळू नये म्हणून त्यांतल्या काहींवर जाळी बसते, काहींवर सिमेंटचा फवारा बसतो, आणि ते योग्यच आहे. माणसाचा जीव आधी. माझे म्हणणे एवढेच की फवारा बसण्याआधी काही दिवस तिथे नमुने घेऊ द्यावेत. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठांत भूशास्त्र व पर्यावरणाचे विद्यार्थी आहेत, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत मोजणीची यंत्रणा आहे. ठेकेदाराला यात खर्च नाही. त्याला फक्त कळवायचे आहे, आणि ते कळवण्याची अट कामाच्या निविदेत एका ओळीत मावते.

खदानींचे तसे नाही. तिथे जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या परवान्यात किती ब्रास दगड काढायचा, रॉयल्टी किती भरायची, सुरुंग कोणत्या वेळी लावायचा, हे सगळे लिहिलेले असते. खदान बंद करताना किमान एक उभी भिंत अभ्यासासाठी, सुरक्षित पायवाटेसह, मोकळी ठेवावी असे त्यात कुठेही नसते. प्रत्येक जिल्ह्यात अशा दोन-तीन भिंती राखल्या आणि त्यांच्यावरचे थर, मधले तांबडे पट्टे व मोजलेल्या दिशा यांचा साधा फलक लावला, तर आठवी-नववीच्या मुलांना खंडांच्या प्रवासासाठी पुस्तकातल्या नकाशावर अवलंबून राहावे लागणार नाही. माझ्या माहितीतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात बेसॉल्टचा सुंदर तुकडा ठेवलेला आहे, त्यावर ‘दख्खन ट्रॅप’ अशी चिठ्ठीही आहे. तो कोणत्या गावचा, कोणत्या थराचा, हे कोणालाच माहीत नाही.

हे काम घाईने करण्याचे कारणही आहे. आमच्या भागातल्या ज्या खदानींचे परवाने संपतात त्या पुढच्या पावसाळ्यात पाण्याने भरतात, आणि पाणी नसेल तिथे शहराचा राडारोडा येऊन पडतो. खालचे थर म्हणजे जुने थर, आणि बुडतात ते तेच आधी. परवाना संपण्याची तारीख खनिकर्म कार्यालयात नोंदलेली असतेच. त्या तारखेच्या महिनाभर आधी जवळच्या महाविद्यालयाला एक पत्र जावे आणि पंप बंद होण्यापूर्वी तळाच्या भिंतीतून नमुने घेतले जावेत, अशी व्यवस्था मराठवाड्यातल्या जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात करावी, ही विनंती मी या पत्राद्वारे त्यांच्यापर्यंत पोहोचवू इच्छितो.

आपला,
भूशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
अंबाजोगाई, जि. बीड